औषधाचा डोस त्रैराशिकाने कसा काढावा

डॉक्टरांनी १८० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, बाटलीवर '५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम' छापलेलं असतं आणि सिरिंजवर फक्त मिलीच्या रेघा असतात. या तिन्हींचा मेळ घालण्यासाठी शाळेत शिकलेलं त्रैराशिक, म्हणजे तीन माहीत आकड्यांवरून चौथा काढण्याची रीत, पुरतं. गुणाकार-भागाकार कॅल्क्युलेटर करून देतो, पण आकडे उलटे मांडले तर तो चुकीचं उत्तरही तितक्याच बिनबोभाट देतो. म्हणून खाली सगळा भर मांडणीवर आणि पडताळ्यावर दिला आहे.

किती मिलिग्रॅम द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. ते मिलिग्रॅम म्हणजे किती मिली, किती गोळ्या किंवा मिनिटाला किती थेंब, एवढंच आपण काढायचं. पुढच्या उदाहरणांतले डोस हिशोब समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष रुग्णासाठी समोरची लेखी ऑर्डर आणि हातातल्या बाटलीचं लेबल या दोनच गोष्टी धरायच्या.

मूळ मांडणी

कागदावर दोन ओळी लिहा. वरची ओळ लेबलाची, खालची ऑर्डरची.

२५० मिलिग्रॅम : ५ मिली
१८० मिलिग्रॅम : क्ष मिली

मिलिग्रॅमच्या खाली मिलिग्रॅम आणि मिलीच्या खाली मिली आलं पाहिजे. त्रैराशिकाचा जुना नियमही हाच: प्रमाण आणि इच्छा एकाच जातीची हवीत, फल तेवढं वेगळ्या जातीचं. इथे २५० हे प्रमाण, ५ हे फल आणि १८० ही इच्छा. आता तिरकस गुणाकार करा.

२५० × क्ष = १८० × ५ = ९००
क्ष = ९०० ÷ २५० = ३.६ मिली

एकक न लिहिता नुसते आकडे मांडायची सवय असेल तर ती आधी सोडा. बहुतेक चुका तिथेच जन्मतात.

कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी अंदाज बांधा. १८० हे २५० पेक्षा कमी आहे आणि त्याच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे १२५ पेक्षा, जास्त. म्हणजे उत्तर अडीच आणि पाच मिलीच्या मध्ये यायला हवं. आकडे उलटे पडले तर २५० × ५ ÷ १८० = ६.९४ येतं, आणि अंदाज तयार असेल तर ते चुकल्याचं तिथल्या तिथे कळतं. शेवटी पडताळा घ्या: ५ मिलीत २५०, म्हणजे १ मिलीत ५० मिलिग्रॅम. ३.६ × ५० = १८०. ऑर्डरचा आकडा परत मिळाला की गणित बरोबर.

आता हेच १८० मिलिग्रॅम तीन बाटल्यांतून काढून बघा. पॅरासिटामॉलचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम धरला तर १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम होतात. ५ मिलीत २५० च्या सिरपमधून ३.६ मिली, ५ मिलीत १२५ च्या सिरपमधून ७.२ मिली आणि १ मिलीत १०० च्या ड्रॉप्समधून १.८ मिली. औषध तेच, मूल तेच, पण मिलीत चौपट फरक. सिरपचा ७.२ हा आकडा लक्षात ठेवून कोणी ड्रॉप्सच्या बाटलीतून तेवढे दिले, तर मुलाच्या पोटात ७२० मिलिग्रॅम जातील. म्हणून फोनवर किंवा ड्युटी बदलताना नुसतं 'साडेतीन मिली द्या' असं कधीही सांगू नये. मिलिग्रॅम सांगावेत, बाटलीची स्ट्रेंथ (किती मिलीत किती मिलिग्रॅम) सांगावी आणि मग मिली.

लेबल वाचण्यातही एक खोच आहे. काही अँप्युलवर (इंजेक्शनच्या औषधाच्या बंद कुपीवर) दर मिलीची स्ट्रेंथ ठळक छापतात आणि एकूण मिली बाजूला बारीक अक्षरात. '४० मिलिग्रॅम प्रति मिली, ५ मिली' असं लिहिलेल्या अँप्युलमध्ये एकूण २०० मिलिग्रॅम असतात. घाईत अख्ख्या अँप्युलमध्ये ४० आहेत असं धरलं तर पाचपट औषध जातं. लेबलवर दोन्ही आकडे शोधा: एकूण किती, आणि दर मिलीला किती.

एककं आधी जुळवून घ्या

१ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम आणि १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. ऑर्डर एका एककात आणि लेबल दुसऱ्या एककात असेल तर त्रैराशिक मांडण्याआधीच दोन्ही लहान एककात आणा. लहान एककात बहुधा पूर्णांक मिळतात आणि दशांश चिन्ह घसरण्याची भीती राहत नाही.

डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचं उदाहरण घ्या. ऑर्डर १२५ मायक्रोग्रॅमची आणि गोळी ०.२५ मिलिग्रॅमची. ०.२५ × १००० = २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी. दशांश एक घर सरकून गोळी २५ मायक्रोग्रॅमची वाटली तर उत्तर पाच गोळ्या येईल. एका डोसला दोन-तीनपेक्षा जास्त गोळ्या किंवा अँप्युल लागताहेत असं दिसलं की तिथेच थांबायचं आणि गणित पहिल्यापासून तपासायचं. क्वचित तसा डोस खरोखरच असतो, पण तो दुसऱ्या कोणाकडून खात्री करून घेतल्याशिवाय द्यायचा नाही.

आकडे लिहिण्याची शिस्तही इथेच लावून घ्या. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना दशांश चिन्हाआधी शून्य हवंच: ०.५. नुसतं .५ लिहिलं तर तो ठिपका दिसत नाही आणि ५ वाचलं जातं. उलट, पूर्णांकामागे शून्य लावायचं नाही. ५.० चं ५० व्हायला फिकट शाई पुरते. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा, कारण त्याचं इंग्रजी आद्याक्षर हातानं लिहिलं की शून्यासारखं दिसतं. मायक्रोग्रॅमसाठीचं ग्रीक अक्षरही घाईत मिलिग्रॅमच्या एमसारखं उमटतं, आणि तिथे चूक हजारपटीची होते.

वजनावरचा डोस

लहान मुलांत एकामागून एक दोन त्रैराशिकं करावी लागतात: आधी वजनावरून मिलिग्रॅम, मग मिलिग्रॅमवरून मिली. ही दोन वेगळ्या ओळींत करा, एकाच सूत्रात कोंबू नका. मधला आकडा डोळ्यांसमोर राहिला तर तो बरोबर आहे का हे बघता येतं.

समजा १६ किलोच्या मुलाला अमॉक्सिसिलीन किलोमागे दिवसाला ४५ मिलिग्रॅम, दोन डोसांत विभागून, असं लिहिलं आहे.

१ किलो : ४५ मिलिग्रॅम
१६ किलो : ७२० मिलिग्रॅम, संपूर्ण दिवसाचे

दोन डोस, म्हणजे एका वेळी ३६० मिलिग्रॅम. ५ मिलीत २५० चं सिरप असेल तर ३६० × ५ ÷ २५० = ७.२ मिली, सकाळ-संध्याकाळ.

इथली नेहमीची चूक म्हणजे दिवसाचा डोस दर वेळी देणं. 'दिवसाला' आणि 'दर डोसला' यांतला जो शब्द ऑर्डरमध्ये असेल त्याखाली पेनने रेघ ओढा. ऑर्डरमध्ये दोन्हींपैकी काहीच नसेल तर मनाने ठरवू नका, विचारा.

वजन किलोतच हवं आणि शक्यतो त्याच दिवशी मोजलेलं हवं. काही काट्यांवर पौंड आणि किलो दोन्ही दिसतात. १ किलो म्हणजे सुमारे २.२ पौंड, म्हणून २२ पौंडांचं बाळ १० किलोचं असतं. ते २२ किलो धरलं तर डोस दुपटीच्याही वर जातो.

आणि त्रैराशिकाला कुठे थांबायचं ते कळत नाही. ८० किलोच्या माणसाला किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल काढलं तर १२०० मिलिग्रॅम येतात, पण मोठ्या माणसाचा एका वेळचा डोस सहसा १००० च्या पुढे नेत नाहीत. वजनावरून आलेला आकडा त्या औषधाच्या कमाल डोसाशी ताडून बघणं हा गणिताचाच भाग समजा.

पावडर, टक्के आणि १:१०००

ड्राय सिरपमध्ये (पावडरच्या रूपात मिळणाऱ्या सिरपमध्ये) बाटलीवरच्या खुणेपर्यंत पाणी घातलं तरच लेबलवरची स्ट्रेंथ खरी ठरते. आधी बाटली हलवून पावडर मोकळी करा, निम्मं पाणी घालून हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेसाची वरची कड खुणेला लावली तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं.

व्हायलमधली (रबरी बुचाच्या इंजेक्शनच्या बाटलीतली) पावडर विरघळल्यावर स्वतःही जागा घेते. समजा ५०० मिलिग्रॅमच्या व्हायलची पावडर ०.४ मिली जागा घेते. १ मिलीत १०० मिलिग्रॅम हवे असतील तर पाणी ४.६ मिली घालायचं, म्हणजे एकूण ५ मिली होईल. सरळ ५ मिली पाणी घातलं तर द्रावण ५.४ मिली होतं आणि दर मिलीत साधारण ९२.६ मिलिग्रॅम उरतात. संपूर्ण व्हायल द्यायची असेल तर याने फरक पडत नाही. पण बाळाला त्यातला थोडाच भाग द्यायचा असेल तर पडतो. किती पाणी घातल्यावर किती स्ट्रेंथ होते, ते औषधासोबतच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं.

टक्के म्हणजे १०० मिलीत तितके ग्रॅम. १ टक्का म्हणजे १०० मिलीत १००० मिलिग्रॅम, अर्थात १ मिलीत १० मिलिग्रॅम. म्हणून २ टक्के लिग्नोकेनमध्ये (जागा बधिर करण्याच्या औषधात) मिलीमागे २० मिलिग्रॅम आणि २५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये २५० मिलिग्रॅम. टक्क्यांना दहाने गुणलं की मिलीमागचे मिलिग्रॅम मिळतात.

अ‍ॅड्रिनलिनवर १:१००० किंवा १:१०,००० असं लिहिण्याची जुनी पद्धत आहे. त्याचा अर्थ १००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजे मिलीमागे १ मिलिग्रॅम, आणि १०,००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजे मिलीमागे ०.१ मिलिग्रॅम. जितका आकडा मोठा तितकं औषध पातळ. २० किलोच्या मुलाला तीव्र अ‍ॅलर्जीसाठी स्नायूत किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम द्यायचं ठरलं तर ०.२ मिलिग्रॅम होतात, आणि ते १:१००० च्या अँप्युलमधून ०.२ मिली. या दोन अँप्युलची अदलाबदल झाली तर दहापटीचा फरक पडतो, म्हणून दोन्ही एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवू नयेत.

पोटॅशियम क्लोराइडसारखी औषधं मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (क्षारांचं प्रमाण मोजण्याच्या एककात) मोजतात. ऑर्डर त्या एककात असेल तर लेबलवरचा तोच आकडा घ्या. १५ टक्क्यांच्या १० मिली अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतात. १० मिलिइक्विव्हॅलंट हवे असतील तर ५ मिली, तेही सलाईनमध्ये मिसळून संथ गतीने. हे औषध थेट शिरेत टोचलं तर हृदय थांबू शकतं.

पातळ करताना गणित उलटं फिरतं

आतापर्यंतचं सगळं समप्रमाण होतं: मिलिग्रॅम वाढले की मिली वाढतात. डायल्यूट करताना व्यस्त प्रमाण असतं आणि हातात मुरलेली दोन ओळींची मांडणी इथे फसवते.

मॅग्नेशियम सल्फेटचे ४ ग्रॅम २० टक्के द्रावणात द्यायचे आहेत आणि अँप्युल ५० टक्क्यांच्या आहेत. ५० टक्के म्हणजे मिलीमागे ५०० मिलिग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅमसाठी ८ मिली. आता हे ८ मिली २० टक्क्यांचे करायचे. सवयीने '५० : ८, २० : क्ष' मांडलं तर क्ष ३.२ येतो, आणि औषध पातळ करून मिली कमी होणं अशक्य आहे. इथे औषधाचे ग्रॅम कायम राहतात, म्हणून टक्के आणि मिली यांचा गुणाकार कायम धरायचा.

५० × ८ = २० × क्ष
क्ष = २० मिली

एकूण २० मिली हवेत आणि त्यातले ८ औषधाचे आहेत, म्हणून पाणी १२ मिली. सर्वांत जास्त विसरली जाते ती ही शेवटची वजाबाकी. औषधावर आणखी २० मिली पाणी ओतलं तर एकूण २८ मिली होतात आणि द्रावण १४ टक्क्यांच्या आसपास उतरतं.

सलाईन आणि पंप

५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं आहे. तासाला १२५ मिली, मिनिटाला १२५ ÷ ६० = २.०८ मिली. सेटच्या, म्हणजे सलाईनच्या नळीच्या, पाकिटावर १ मिलीत किती थेंब ते छापलेलं असतं. साधे सेट १०, १५ किंवा २० थेंबांचे असतात, मायक्रोसेट ६० थेंबांचा. २० थेंबांचा सेट असेल तर:

१ मिली : २० थेंब
२.०८ मिली : ४१.६, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब

घड्याळ धरून १५ सेकंद मोजा. १० ते ११ थेंब पडले पाहिजेत. सेट प्रत्यक्षात १५ थेंबांचा निघाला तर ४२ थेंबांत २.८ मिली जातात आणि चार तासांची बाटली तीन तासांत रिकामी होते, म्हणून पाकीट फेकण्याआधी आकडा बघून घ्या. मायक्रोसेटमध्ये ६० थेंब आणि ६० मिनिटं एकमेकांना छेदतात, त्यामुळे तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब एकच. २० मिली तासाला म्हणजे २० थेंब मिनिटाला. रुग्णाने हात वाकवला, कूस बदलली की गती बदलते, तेव्हा थेंब परत मोजावे लागतात.

सिरिंज पंपावरची (सिरिंजमधून ठरावीक गतीने औषध ढकलणाऱ्या यंत्रावरची) औषधं किलो आणि मिनिट अशा दुहेरी हिशोबात येतात. रक्तदाब वाढवणारं डोपामिन किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, रुग्ण ६० किलो. मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम, तासाला १८,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १८ मिलिग्रॅम. सिरिंजमध्ये २०० मिलिग्रॅम औषध एकूण ५० मिलीत, म्हणजे मिलीमागे ४ मिलिग्रॅम. १८ ÷ ४ = तासाला ४.५ मिली. २०० मिलिग्रॅमची अँप्युल स्वतः ५ मिलीची असते, म्हणून वर पातळ करण्याचं द्रावण ४५ मिली घालायचं, ५० नाही. ५५ मिली झालं तर रुग्णाला ५ ऐवजी साधारण ४.५ मायक्रोग्रॅमच मिळतात आणि रक्तदाब का चढत नाही याचा शोध भलतीकडे सुरू होतो.

इन्सुलिन

इन्सुलिनची सिरिंज मिलीऐवजी युनिटच्या रेघांनी आखलेली असते. म्हणून इथे त्रैराशिक सिरिंज बनवणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं, मात्र एका ठरावीक स्ट्रेंथसाठी. मिलीमागे ४० युनिटच्या व्हायलसाठी ४० ची सिरिंज आणि १०० युनिटच्या व्हायलसाठी १०० ची. जोडी मोडली की काय होतं ते बघा. ४० च्या सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे ०.५ मिली. त्यात १०० चं इन्सुलिन भरलं तर २० ऐवजी ५० युनिट जातात आणि साखर झपाट्याने खाली येते. उलट, १०० च्या सिरिंजची २० ची रेघ ०.२ मिलीवर असते. तिथपर्यंत ४० चं इन्सुलिन भरलं तर फक्त ८ युनिट मिळतात. व्हायल आणि सिरिंज या दोन्हींवरचा आकडा प्रत्येक वेळी मोठ्याने वाचावा, घरी देणाऱ्यांनीही.

मोजून हातात घेताना

पूर्णांकन फक्त शेवटच्या उत्तराचं करायचं. मधल्या पायऱ्यांत केलं की चूक पुढे वाढत जाते. उत्तर कुठवर अचूक हवं ते सिरिंज ठरवते. १ मिलीच्या सिरिंजवर ०.०१ च्या रेघा असतात, ५ मिलीच्या सिरिंजवर सहसा ०.२ च्या. ३.६ मिली ५ च्या सिरिंजवर नेमकं रेघेवर बसतं. ०.२ मिली अ‍ॅड्रिनलिन तिच्यात मोजायला गेलात तर पहिल्याच रेघेवर अडकाल, त्यासाठी १ मिलीचीच सिरिंज घ्या. दट्ट्याच्या रबराची औषधाला टेकलेली कड रेघेशी जुळवून वाचा, मागची कड नव्हे. बुडबुडे काढल्यावर पुन्हा एकदा बघा.

तोंडाने द्यायच्या औषधासाठी मिलीच्या खुणा असलेलं माप किंवा तोंडाची सिरिंज वापरा. स्वयंपाकघरातल्या चमच्यात ५ मिलीच मावतील याची खात्री नसते.

गोळी फक्त खाच असेल तिथेच मोडावी. उत्तर ०.७ गोळी असं आलं तर ओढूनताणून पाऊण करू नका, दुसऱ्या स्ट्रेंथची गोळी किंवा सिरप मिळेल का ते विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तोडायच्या किंवा कुटायच्या नाहीत, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं. अशा काही गोळ्यांना कंपनीने मोडण्यासाठी खाच दिलेली असते, पण त्याही कुटायच्या नसतात.

दुसऱ्याकडून तपासून घेताना आपलं उत्तर आधी दाखवू नये. त्यांना ऑर्डर आणि बाटली द्यावी आणि कोऱ्या कागदावर गणित करू द्यावं. '३.६ बरोबर आहे ना?' असं विचारलं की समोरचा बहुतेक वेळा हो म्हणतो. दोन उत्तरं जुळली नाहीत तर औषध भरलेली सिरिंज बाजूला ठेवून लेबलपासून पुन्हा सुरुवात करायची, आणि तरीही जुळलं नाही तर डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारेपर्यंत डोस थांबवायचा. नोंद करताना मिलिग्रॅम, बाटलीची स्ट्रेंथ आणि दिलेले मिली हे तिन्ही लिहा: 'पॅरासिटामॉल १८० मिलिग्रॅम, ५ मिलीत २५० चं सिरप, ३.६ मिली, तोंडाने', आणि पुढे वेळ.